मोटरीले पाजली पहिल्या धारेची

"बैल हाय का थो? शेपटी हाय का त्याले, सांगा ना! मोटर हाय ते, मोटर!"

भगवंतरावाचा आवाज सौसरच्या बाजारापावतर गेला असन. समोर त्याचा मोठा साळा शालिकराम उभा होता, हातात रिकामी बाटली घेऊन. त्या बाटलीत मोहाची दारू होती, पहिल्या धारेची. आता थे मोटरीच्या टाकीत होती.

"भाऊजी, वरडू नोका," शालिकराम म्हने. "शंकरपटात माह्या बैलजोडीले मी सुटाच्या आंधी पाजतोच. कशी उडते, पायलं ना तुमी? म्हनलं आज मोटरीची शर्यत हाय, तिनंच काहून उपाशी जावं?"

"उडते म्हने! फाटकापावतर गेली अन् खोकलून बसली!"

मोटर होती मॉरिस, इंग्रजाच्या वेळची, भगवंतरावाच्या बापानं घेतलेली. नागपूरले आज जुन्या मोटरींची शर्यत होती, अन् दिवाळीपासून हा मानूस तिच्याखालीच झोपल्यावानी पडून राहे. संत्र्याच्या तोडीचा हंगाम, पर याचं ध्यान नटबोल्टात.

मोटर राहे गोठ्यात अन् गाय बाहेर, चिचेखाली. देवकाबाईले तेच खुपे. तिनं पोळ्याच्या दिवशी, नवऱ्याच्या ताटात पुरनपोळी वाढता वाढता, सांगून टाकलं होतं, "नागपूरले आपल्या पायानं गेली त राहू द्या गोठ्यात. नायी गेली त भंगारात, अन् माही गाय आतमंदी." तोंडात पोळी असल्यानं भगवंतराव हो म्हनून बसला. हो म्हंजे हो. देवकाबाई काही विसरनारी नोयती.

आता थे दारात येऊन उभी राह्यली, पदर खोचून.

"मंग? सोडू का गाय?"

"थांब वं! आंधी काचेची बरनी दे."

"लोनच्याची?"

"रिकामी असन थे. धुवून दे."

भगवंतराव मोटरीखाली घुसला अन् टाकीचा खालचा नट ढिला केला. बरनी भरली तशी बाहेर काढून उन्हात धरली. खाली पान्यासारखं गढूळ, वर पेट्रोल, अन् मधात सरळ रेघ.

"पाहा साळेबुवा. दारूत असते पानी. थे दारूले घेऊन बुडाशी बसलं, अन् इंजिन वढते बुडाचंच."

शालिकरामानं बरनीत नाक घातलं. "अरारा. चांगली होती पर." मंग हळूच म्हने, "खालचं सांडून द्या. वरचं टाका परत."

"नायी टाकत. वरच्यातबी थोडी उरतेच थे. माह्या नळ्या जुन्या रबराच्या. दारूनं फुगल्या त सावनेरच्या रस्त्यावर तुमचे बैल येतीन का वढाले? हिले कोरं पेट्रोल पायजे."

"आनता कुठून? पंप उघडाले लय येळ हाय."

टाकी सारी रिकामी करून टाकली होती भगवंतरावानं, अन् आता बसला होता मोटरीच्या पायरीवर, बापाचं तेरवं असल्यावानी. शालिकरामानं त्याच्याकडे पायलं, बहिनीकडे पायलं. मंग आपल्या फटफटीची नळी काढली.

"कालच पांढुर्ण्यात भरलं. घ्या."

"अन् तुमी आज मोहगावले पटात कसे जासान?"

"माहा पोरगा श्रावण हाकीन जोडी. त्याले लय हौस हाय. घ्या म्हनलं ना!"

दुसरा कोनी असता त टाकून मोकळा झाला असता. पर भगवंतराव एकदा पोळलेला. "आंधी पाहू द्या, फटफटीलेबी पाजली असन तुमी," म्हने. बरनी धुवून तिच्यात थोडं पानी घेतलं. पानी जिथवर होतं तिथं देवकाबाईनं बाहेरून कुंकवाचं बोट वढलं. वरून पेट्रोल टाकून बरनी चांगली हलवली अन् ठेवली ओट्यावर.

"दारू असन त पानी थे पिऊन घेते अन् फुगते. रेघेच्या वर चढलं त समज खोटं," असं सांगून थो नट कसाले पुन्हा खाली घुसला. तिथून वरडला, "देवका, चढलं का वं?"

बरनीपाशी देवकाबाई एकटीच. शालिकराम तिकडे डबा धरून होता. पानी रेघेवरच होतं, पर एक खोटं 'हो' म्हनलं का गोठा तिचा. तिनं चिचेकडे पायलं. गाय रवंथ करत उभी होती, तिले कशाची घाई? मोटरीखालून नवऱ्याच्या वहाना दिसून राहिल्या होत्या, एकीचा अंगठा तुटलेला. दिवाळीले नव्या घ्या म्हनलं त मानसानं मोटरीची तार आनली होती.

"देवका! चढलं का?"

"नायी चढलं," थे म्हने. "रेघेवरच हाय. टाका."

फडक्यातून गाळून पेट्रोल टाकलं. कार्बोरेटर खोलून पुसला. हँडल फिरवलं, एकदा काही नायी, दुसऱ्यांदा मोटर भडकन बोलली अन् मंग अशी एका सुरात चालू झाली का चिचेवरचे पाखरं उडाले.

"चाल, बस," भगवंतराव म्हने.

"मी? गायीचं कोन पाहीन?"

"मी हाय ना," शालिकराम म्हने. "माही फटफटी त कोरडीच पडली."

देवकाबाईनं पदर डोक्यावरून घट्ट घेतला अन् बसली पुढं. "तुमी लय हसू नोका," नवऱ्याले म्हने. "गायीले नवा गोठा बांधा लागन. पक्का. टिनाचा."

"बांधू ना!"

"पर भाऊजी," शालिकराम खिडकीले धरून म्हने, "एक सांगा, मोटरीले नायी त निदान हाकनाऱ्याले जराशी..."

"सोडा खिडकी, साळेबुवा! मले निंगा लागते आता."