नव्या शाखेची पहिली पंगत

केंडल प्रायरनं पिशवी ओट्यावर उपडी केली. मांजरांच्या खाण्याचे सहा डबे, कच्ची कलेजी, खारवलेल्या माशांची बरणी आणि तिखट सॉसच्या दोन बाटल्या.

"मिस व्हर्ना, एवढं मिक्सरमधून काढून द्या ना. दीडपर्यंत हवंय. अकरा वाडगे."

व्हर्ना टॅकेट मक्याच्या ब्रेडचं पीठ कालवत होती. तिनं हात पुसले, एक डबा उचलून डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

"घरात मांजर कधी आणलंत?"

"मांजर कुठलं. आज नव्या उमेदवारांची परीक्षा आहे. थोडी गंमत. कुणाला काही होत नाही."

"माझ्या घरी आला होतास तेव्हा काय म्हणाला होतास?"

"रॅगिंग होणार नाही म्हणालो होतो. हे रॅगिंग नाहीये. परंपरा आहे."

"शाखा सुरू होऊन सहा आठवडे झालेत रे. परंपरा कुठून आणलीस?"

"बनवावी लागते," केंडल म्हणाला, आणि तो अगदी मनापासून बोलत होता.

व्हर्ना अठ्ठावन्न वर्षांची होती. केंटकीतल्या या कॉलेजच्या गावात, याच विटांच्या घरात तिनं एकोणीस वर्षं स्वयंपाक केला होता. तेव्हा इथे दुसरी फ्रॅटर्निटी, म्हणजे विद्यार्थ्यांची एकत्र राहणारी संघटना, होती; एकमेकांना भाऊ म्हणवणारी चाळीस मुलं. सात वर्षांपूर्वी एका ऑक्टोबरात त्या भावांनी नव्या मुलांना शुद्ध हरपेपर्यंत दारू पाजली आणि डेन हॉफर नावाचा मुलगा तळघराच्या जिन्यावरून खाली कोसळला. तो जगला. अजून जगतो आहे. त्याची आई त्याला चमच्यानं भरवते. कॉलेजनं घराला कुलूप लावलं. व्हर्नाला कुणी बोल लावला नाही, ती दुपारी तीनलाच घरी गेली होती. पण दर ऑक्टोबरात ओकारीनं भरलेल्या बादल्या सकाळी तीच धूत आली होती, आणि एकोणीस वर्षांत तिनं एकदाही कुणाला काही विचारलं नव्हतं.

पुढे ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात लागली. कायमची नोकरी, आरोग्य विमा, बिनमिठाचं सूप. ते कोण पितं, त्याला आवडलं की नाही, काही कळायचं नाही. या ऑगस्टमध्ये केंडल टाय लावून, फाइल घेऊन तिच्या दारात उभा राहिला. नवी संघटना या कॉलेजात शाखा काढत होती. एप्रिलपर्यंत नाव स्वच्छ राहिलं की मुख्य कार्यालयाकडून सनद मिळणार होती. "रॅगिंग नाही हे आमच्या नियमांत पहिल्याच पानावर आहे," तो म्हणाला होता. "ते घर आम्हाला वेगळं करून दाखवायचंय. त्या घराला तुम्ही हव्यात." शेवटचं वाक्य व्हर्नाला फार गोड लागलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं इस्पितळात राजीनामा दिला.

"मी हे करणार नाही," ती आता म्हणाली.

"हरकत नाही, मी करतो." केंडलनं बाह्या सरसावल्या. "तुम्ही आज लवकर घरी जा, मिस व्हर्ना. दमला असाल."

लवकर घरी जा. आधीची मुलंही दर ऑक्टोबरात हेच म्हणत. तशाच मायेनं, तसाच खांद्यावर हात ठेवून. व्हर्नानं तो हात खाली काढला आणि स्टूल ओढून तिथेच बसली.

केंडलनं डबे फोडले. मिक्सर फिरला, झाकणाच्या कडेनं करडा-तांबूस फेस वर आला. वास आधी मासळीचा आला, मग रक्ताचा, मग साचलेल्या मोरीचा. केंडलनं नाक शर्टात खुपसलं आणि हसत हसत वाडगे भरले. तिचे सूपचे पांढरे वाडगे.

जेवणघरात लांब टेबलाशी अकरा मुलं बसली होती, अठरा-अठरा वर्षांची, हात पाठीमागे धरून. त्यांच्यामागे संस्थापक म्हणवणारी एकोणीस मुलं उभी. त्यांतल्या निम्म्यांना बाकीच्या फ्रॅटर्निट्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. ती गोष्ट त्यांनीच एकेक करून, ओट्याशी उभं राहून, मक्याचा ब्रेड खाता खाता व्हर्नाला सांगितली होती.

व्हर्ना चमचा घेऊन आत आली. टोकाला थिओ मार्श बसला होता. त्याच्यासमोरचा वाडगा तिनं स्वतःकडे ओढला आणि शेजारच्या खुर्चीवर बसली.

"माझ्या स्वयंपाकघरातून जे बाहेर जातं, ते आधी मी चाखते," ती म्हणाली.

तिनं पहिला चमचा तोंडात घातला. कलेजीची एक शीर दातात अडकली. तिनं ती चावली, गिळली, दुसरा चमचा घेतला. तिला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, पुरे. तिच्या मुलांपैकी एखाद्याला तरी लाज वाटेल.

तिसऱ्या चमच्याला मागे कुणीतरी खुदकन हसलं. एक फोन वर आला, मग चार. मग टाळ्यांचा ठेका सुरू झाला. "व्हर्-ना! व्हर्-ना!"

"मिस व्हर्ना, प्लीज उठा," थिओ ओठ न हलवता पुटपुटला.

"अरे बाळा, तुला हे खायची गरज नाही. चल, ऊठ माझ्याबरोबर."

"तुम्ही मध्ये पडू नका हो. मला कुठेच घेत नाहीत. इथे तरी आत येऊ द्या."

त्यानं तिच्या हातातून वाडगा काढून घेतला, तोंडाला लावला आणि घटाघट रिकामा केला. मग तो डोक्यावर पालथा धरून दाखवला. हनुवटीवरून करडा ओघळ गळ्यात उतरत होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि तो हसत होता. घर दणाणून गेलं. उरलेल्या दहांनी आपापले वाडगे उचलले.

व्हर्नानं मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्याला धरून सगळं ओकून टाकलं. मग आत येऊन तोंड धुतलं, आपल्या सुऱ्या फडक्यात गुंडाळल्या आणि गाडीत जाऊन बसली.

सोमवारी ती कॉलेजच्या कार्यालयात गेली. तिथल्या बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला.

"मिसेस टॅकेट, अकराही मुलांनी लिहून दिलंय की ते खेळीमेळीचं जेवण होतं. स्वखुशीनं."

"आणि तुम्हाला ते पटलं?"

"त्यांच्याकडे व्हिडिओ आहे. त्यात..." बाई थोड्या अडखळल्या. "त्यात सगळ्यांत आधी तुम्हीच खाताना दिसताय. मुलं टाळ्या वाजवतायत."

व्हर्नानं फोन ठेवला. पूर्वी बादल्या धुताना वाटायचं तेच, आपणही यात सामील आहोत, असं पुन्हा वाटलं; फक्त या वेळी तिनं ते स्वतःच्या तोंडानं गिळलं होतं.

एप्रिलमध्ये शाखेला सनद मिळाली. इस्पितळानं तिला परत घेतलं, पण रोजंदारीवर.

मे महिन्यात सुपरमार्केटात, पिठांच्या रांगेत एक बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मागे थिओ होता, कोटाच्या कॉलरला शाखेचा नवा बिल्ला लावलेला. खांदे रुंद वाटत होते.

"तुम्ही मिस व्हर्ना ना?" बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "तुमच्या इस्पितळाच्या बिल्ल्यावर नाव दिसलं, म्हणून विचारलं. मी थिओची आई. पहिले सहा आठवडे याच्या प्रत्येक फोनमध्ये तुमचंच नाव. शाळेत याला कुणी मित्र नव्हता हो. आता एकोणतीस भाऊ आहेत. पुढल्या वर्षीच्या उमेदवारांची जबाबदारी यालाच दिलीय."

व्हर्नानं थिओकडे पाहिलं. तो फळीवरच्या पिशव्या वाचत होता.

"सुट्टीत दोन महिने घरी आहे," आई म्हणाली. "तुमच्या हातचं याला काय आवडायचं, सांगाल का? मी करून घालीन."

कोंबडीच्या रश्श्यातले पिठाचे गोळे. तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा, आणि मक्याच्या ब्रेडवर मध सांडून बोटानं निपटायचा. त्या अकराही जणांना काय आवडतं, ते व्हर्नाला पाठ होतं.

"नाही हो," ती म्हणाली. "माझ्या लक्षात नाही."

तिनं मैद्याची एक पिशवी ढकलगाडीत ठेवली आणि त्या दोघांना वाट देऊन पुढे गेली.