पंख्याकडे बघणारा बाप

बाळाचा बाप बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. आवाज असा कमावलेला की घरात मीठ मागितलं तर शेजारीण डबा घेऊन यायची. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाची सुंता करायची की नाही, हे तुम्ही नीट समजून ठरवायचं," आणि त्याची वाचाच बसली. शेजारी सासूबाई, समोर टेबलावर त्या अवयवाची आकृती. बाई समजावत राहिल्या, त्यानं नजर छताच्या पंख्याला चिकटवली ती शेवटपर्यंत.

"कळलं ना?" बाईंनी विचारलं. त्यानं मान डोलावली.

"मग करायची?"

मान आधीच डोलत होती.

वॉर्डात बायकोनं विचारलं, "काय ठरलं?"

"उद्या सकाळी."

"का पण?"

तो आठवू लागला. "पंख्याच्या एका पात्याला जळमट होतं."

"अहो, पंखा दवाखान्याचा. पोर आपलं आहे."

कान तापलेले, तसाच तो परत गेला. बाहेर रांग होती. दारातून हळूच विचारावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि "डॉक्टर, पुढची कातडी काढली नाही तर काय होतं?" हे पार औषधाच्या दुकानापर्यंत पोचलं.

रांगेतले एक आजोबा म्हणाले, "माझं तरी काही झालं नाही."

बाकी रांगेनं छताकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी दार लावून पुन्हा सांगितलं. काढली तर लघवीचा जंतुसंसर्ग थोडा कमी होतो, पण मुळात तो फारशा मुलांना होतच नाही. बधिर करून काढतात, तरी नंतर दुखतं. रक्तस्राव, जखम चिघळणं क्वचित, पण होतं. नाही काढली तर नुसतं पाण्यानं धुवायचं, कातडी मागे ओढायची नाही. काही घरांत रीत असते, काहींत नसते. घाई कसलीच नाही.

"आता हे बायकोला तुम्ही सांगा. तिला काय कळलं, ते मी येऊन विचारीन."

त्यानं खाटेशी बसून कुजबुजत सांगितलं, म्हणजे वॉर्डभर. पलीकडच्या दोघींनी आपापल्या नवऱ्यांना बोलावून घेतलं.

बायकोनं बाळाचं दुपटं सारखं केलं. "आत्ता नको. मोठा झाला की त्यालाच विचारू."

"बरं. सकाळचं रद्द करायला सांगतो."

"आणि तुम्ही हो म्हणून आला होता."

बाळ झोपलं होतं. त्याच्याकडे सरळ बघायचीही बापाला लाज वाटली. माफी मागायला हवी होती, पण माफीचं त्याला एकच वाक्य येत होतं.

"होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," तो म्हणाला.

वॉर्डातली सगळी बाळं दचकून उठली. ज्याची माफी मागितली होती, ते तेवढं झोपून राहिलं.