आठवं घर

गिऱ्हाईक बाई स्वयंपाकघरातला एकेक खण ओढून बघत होत्या आणि मिस्त्री दाराशी उभे राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. खण आवाज न करता मिटत होते. बाईंनी ओट्यावरून हात फिरवला, छान आहे म्हणाल्या, आणि पायरीवर चपला घालता घालता नवऱ्याला म्हणाल्या की एवढ्या पैशांत नव्या इमारतीत मिळेल, लिफ्टसकट. सात महिन्यांतलं हे विसावं-बाविसावं ‘छान आहे’ असेल.

मिस्त्रींचा धंदा सरळ होता. पडायला आलेलं घर स्वस्तात घ्यायचं, त्यातच बिऱ्हाड थाटायचं, वर्षभर खपून ते उभं करायचं आणि रंग वाळला की विकून दुसरं शोधायचं. अशी सात घरं झाली. बायको म्हणायची, गोगलगायीचं आपल्यापेक्षा बरं, तिचं घर निदान ठरलेलं असतं. पण विकलेल्या घरांवरून जाताना ती मुद्दाम सावकाश चालायची. कुणाच्या खिडकीत कुंड्या आल्यात, कुणाच्या दोरीवर लंगोट वाळताहेत, हे घरी येऊन नवऱ्याला सांगायची.

आठव्या घरात मात्र फासे उलटे पडले. पडक्या घराचे मालकही शहाणे झाले होते. मोडक्यालाच धडक्याची किंमत मागत होते. सिमेंट महागलं, कारागीर मिळेनात. एकसष्टाव्या वर्षी मिस्त्रींनी गुडघ्यावर बसून फरश्या स्वतः बसवल्या आणि गुडघा कायमचा धरला. घर झालं, पण घ्यायला कुणी येईना, आणि कर्जाचे हप्ते काही थांबेनात. मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, आता पुरे करा. पुरे करायलाही आधी घर विकायला हवं होतं.

मग एका दुपारी दलाल एका माणसाला घेऊन आला. तो घरात शिरलाच नाही. त्याने फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत पावलं टाकली, रस्त्याची रुंदी विचारली. मिस्त्री म्हणाले, आत या, जिना बघा, सागाचा आहे.

“आतलं राहू द्या, काका,” तो नम्रपणे म्हणाला. “मला जागा हवीय. चार मजले काढायचेत.”

माणूस वाईट नव्हता. पाणी प्यायला, भाव पाडला नाही. त्याच्या पैशात कर्ज फिटत होतं आणि दोन खोल्यांच्या भाड्यापुरतं उरत होतं. दलाल फाटकाशी थांबून हळूच म्हणाला, याला सोडलंत तर पुढचा कधी येईल, देव जाणे.

संध्याकाळी मिस्त्रींनी बायकोला सांगितलं. ती चहा गाळत होती.

“मग त्या फरश्या?”

“त्याही.”

“आणि जिना?”

“अगं, सगळंच.”

तिने कप त्यांच्यापुढे सरकवला. नाही म्हणता येईल का, हे तिने विचारलं नाही. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. गाळणी विसळता विसळता ती म्हणाली, “म्हणजे या घरात कुणीच राहायला येणार नाही.”

मिस्त्रींनी चहा संपवला आणि दलालाला फोन लावला.

ताबा द्यायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं, आणि त्याच वेळी घण-पहारी घेतलेले चार मजूर आले. मिस्त्रींनी किल्ली त्यांच्या मुकादमाच्या हातात दिली. पायरी उतरणार तोच आत एक मजूर भिंतीवर पहिला घाव घालायच्या बेतात असल्याचं त्यांना दिसलं, आणि ते लंगडत परत आत गेले.

“थांब जरा. तिथून वायर गेलीय.”

मजुराने घण खाली टेकवला. “दिसत तर नाही. कशावरून, बाबा?”

“मीच घातलीय.”

त्यांनी मुकादमाकडून खडू मागून घेतला. वायर कुठून वळते, नळ कुठे दबलाय, कुठली तुळई आधी काढली तर छत अंगावर येईल, हे सांगत ते घरभर भिंतींवर रेघा ओढत फिरले. मजूर गुपचूप मागे फिरत होते. बाहेरून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. न्हाणीघराच्या भिंतीवर एक रेघ थोडी वाकडी गेली. मिस्त्रींनी ती तळहाताने पुसली आणि पुन्हा सरळ ओढली.