बेटावरची गाजरं

टक् करून डब्याचं झाकण बसलं आणि सकाळपासून गप्प असलेलं स्वयंपाकघर दचकलं. निदान इंगुन तरी दचकली. डब्यात लेकीसाठी पाव होता, आणि शेजारी दुकानातलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं गाजर.

"हे नको. बाबाचं दे," पाच वर्षांची सुन्निवा म्हणाली.

"बाबाचं वाकडं आहे गं."

"मग? सूपमध्ये कोण बघतंय?"

इंगुननं ऐकलं नाही. डबा दप्तरात सारला.

आज, गुरुवारी, बालवाडीत सुगीचं सूप होतं. दर वर्षी थंडी पडायच्या आत अंगणात चूल मांडायची, पोरांनी घरून एकेक भाजी आणायची, आणि आईबापांनी उभ्याउभ्या सूप प्यायचं. बाकीची भाजी यायची समोरच्या बेटावरून. ते बेट म्हणजे तुरुंग, फक्त भिंती नसलेला. तिथले कैदी किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ ओढून आणतात, खत म्हणून वाफ्यांत पसरतात, औषध न फवारता ओणव्यानं तण उपटतात. सुटल्यावर पोट भरता येईल असं काम शिकतात. इंगुनचा नवरा तोर्गाइर तिथेच होता. दारू पिऊन त्यानं गाडी हाकली होती, आणि एका म्हाताऱ्याचा पाय कायमचा गेला होता.

बाबा बेटावर शेती करतो एवढं सुन्निवाला ठाऊक होतं, आणि ते खोटं नव्हतं. खोटं इंगुननं मोठ्यांना सांगितलं होतं. तो भर समुद्रात तेलविहिरीवर कामाला असतो म्हणून. गावातले निम्मे बाप तिकडेच असत, त्यामुळे पुढचं कुणी विचारत नसे. तो आत गेल्यावरच मायलेकी या गावात राहायला आल्या होत्या, त्याला इथे कुणी पाहिलेलं नव्हतं.

रविवारी त्याचा फोन आला होता. "गुरुवारी भाजी पोचवायला मला नेणारेत. मीच मागून घेतलं. सुन्निवाची बालवाडी तरी बघेन. तुला चालेल ना? लोकांना सांगितलंयस ना तू?"

किती दिवसांनी त्याच्या आवाजात उजेड होता. त्यावर फुंकर मारायचं तिच्या जिवावर आलं.

"सांगितलंय," ती म्हणाली. "ये की."

अंगणात धुरानं डोळे चुरचुरत होते. पोरं हात धुवायला आत गेली होती. पळी इंगुनच्या हातात होती, आणि मारित, शेजारच्या जुळ्यांची आई, वाट्या मांडत होती.

"जेलची गाजरं यायचीत अजून," मारित म्हणाली. "बघून चीर हं बाई. लोक गज कापायची कानस केकमध्ये लपवून तुरुंगात पाठवतात, हे गाजरात लपवून बाहेर पाठवतील."

सगळ्याजणी हसल्या. इंगुनही हसली. आपलं हसू कमी पडलं असं वाटून तिनं वर जोडलं, "पिणाऱ्यांनी पिकवलेली असली तर सूप चढेल आपल्याला."

हशा पिकला. तो ओसरता ओसरता तिला दिसलं, फाटकाच्या आत, पेटी पोटाशी धरून तोर्गाइर उभा होता. पाणी लावून केस बसवलेले. अंगात तिनं विणलेला स्वेटर. नखं घासून घासून लाल केलेली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग मारितकडे. समजायला त्याला वेळ लागला नाही. ओठांवर आलेलं हसू त्यानं गिळलं, चुकून भलत्याच घराचं दार ठोठावावं तसा चेहरा केला, आणि मारितला विचारलं, "पेटी कुठे ठेवू?"

"तिला विचारा. आज पातेल्याची मालकीण ती."

तो जवळ आला. शेवाळाचा ओला वास तिच्या नाकात शिरला. हा माझा नवरा, एवढंच म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण मारित बघत होती, आणि मघाचा विनोद अजून हवेत होता.

"तिकडे, पायरीपाशी ठेवा," इंगुन म्हणाली.

त्यानं पेटी ठेवली. मागच्या खेपेच्या रिकाम्या पेट्या उचलल्या. जाता जाता, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "खाली लागतंय. ढवळ."

ती ढवळू लागली. मान वर केली नाही. धुराआडून कुणी काही विचारलं नाही, हेच तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची त्याहून लाज वाटली. गाडीचं दार लागल्याचं ऐकू आलं.

पोरं ओल्या हातांनी बाहेर उधळली. "बाबा," आतल्या खिडकीतून त्याला पाहिलेली सुन्निवा ओरडली आणि कुंपणाकडे धावली. तुरुंगाची गाडी वळणावर पोचली होती. पोरगी तिथे थोडा वेळ उभी राहिली, मग सगळ्या बायकांमधून वाट काढत परत आली. मारितच्या हातातली वाटी तशीच राहिली.

सुन्निवानं आईचा कोट धरला.

"आई, बाबा आला होता. तू त्याला थांब का नाही म्हणालीस?"