चुलीतली राख

“गोचीड दिसली की राख चोळायची, चंद्रभागे. चुलीतली. नुसती भुरभुरायची न्हाई, कातड्यापतूर जाऊ द्यायची.”

सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली, तरी गोठ्यात शिरलं की हा आवाज चंद्रभागेच्या कानात असायचा. फक्त वाघोलीतल्या त्या घरात आता चूल उरली नव्हती. मुलगा संजय संगणकाच्या कंपनीत लागला, गॅस आला, चुलीच्या जागी ओटा झाला. त्या उन्हाळ्यात तिच्या म्हशीच्या, चांदीच्या, कासेभोवती गोचिडी दिसल्या, तशी ती घमेलं घेऊन कुंपणापलीकडच्या भंगाराच्या शेडवर गेली. तिथं ऑफिसांतून निघालेल्या जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवत. शेडवाला सर्जेराव म्हणाला, हवी तेवढी न्या. मऊ, करडी राख होती. दोन महिने ती रोज मायेनं चोळत राहिली आणि म्हैस अंग चाटत राहिली.

मग एका सकाळी चांदी करकरा दात खात, भिंतीला डोकं टेकवून उभी. डोळ्यांपुढं हात नेला तरी पापणी लवेना.

डॉक्टर शर्मिलाबाईंनी आधी घमेलं पाहिलं, मग रक्त तपासायला पाठवलं. शिसं निघालं. ते बाहेर काढायला सलाईन सुरू झालं आणि रोज बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. शिशानं मेंदूला बसलेला मार यानं सावरतो, बाई म्हणाल्या. पण हाडांत मुरलेलं शिसं दुधात महिनोन्‌महिने उतरत राहतं, तेव्हा दूध खड्ड्यात ओतायचं. निघताना त्यांनी विचारलं,

“याआधीचं दूध कुणाकडं जायचं?”

“पाच घरी.”

“लहान मूल आहे कुठं?”

“एक हाय. अख्तरबानूंची नात, अलिझा. अडीच वर्षांची.”

“सगळ्यांनी रक्त तपासून घ्यायला हवं. तिनं तर आधी. सांगाल ना?”

“सांगते, बाई. शब्द दिला.”

पण त्या पाच घरी ती एवढंच म्हणाली, की म्हैस आजारी हाय, दूध बंद. अख्तरबानूंनी तर नमाजानंतर त्या मुक्या जिवासाठी दुवा मागितली, आणि दुसऱ्या दिवशी पाटीभर कोंडा पाठवला.

अकराव्या दिवशी चांदीनं वैरणीकडं मान वळवली. चंद्रभागा तिच्या गळ्याला मिठी मारून रडली. संध्याकाळी तिनं संजयजवळ विषय काढला.

“दूध बंद केलंस ना, आई? मग झालं,” तो म्हणाला. “नवीन बिल्डिंगवाले आधीच वास येतो म्हणून अर्ज घेऊन फिरतायत. हे कळलं तर गोठा उठलाच समज. का पेपरातच देऊ या?”

ती चांदीला वैरण टाकायला उठली.

सकाळी तिनं नेहमीसारखी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, हात जोडले, पंचशील म्हणू लागली. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी, आवाज अडला. गेले अकरा दिवस ती हे रोज म्हणत होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडली. मग उरलेलं तसंच ठेवून उठली.

चांदीचं इंजेक्शन झालं. दूध खड्ड्यात ओतलं. रक्त कुठं तपासतात तो बाईंनी लिहून दिलेला कागद तिनं पदराला बांधला. सवयीनं हात खुंटीवरच्या किटलीकडं गेला. ती तशीच राहू दिली. गोठ्याकडं एकदा मागं वळून पाहिलं. मग डोक्यावर पदर घेऊन, रिकाम्या हातानं, ती अख्तरबानूंच्या गल्लीकडं चालू लागली.