तीनच्या खेळातलं लेकरू

ओतूरच्या टॉकीजवर चांगदेव डोअरकीपर होता तोवर समोरच्या खुर्चीवर पाय टाकायची कुणाची टाप नव्हती. पाय दिसला की त्याच्या ब्याटरीचा झोत आधी पायावर पडायचा, मग तोंडावर, आणि तोंडावरून हलायचा नाही. "पाय खाली घे. ती खुर्ची हाय, तुझ्या घरचा वटा न्हाई." अंधारात बिडी पेटली की नुसत्या वासावरून तो रांग ओळखायचा. गाण्याला शिट्ट्या मारल्या तर कानाडोळा करायचा; पण बायकांच्या बाजूला तोंड करून कुणी शिट्टी मारली, तर बखोट धरून त्याला थेट रस्त्यावर नेऊन सोडायचा.

बायकांची बाजू डावीकडं, मधे कमरेएवढी भिंत. तिथलं वागणं निराळं. पडद्यावरच्या सासूला बायका तोंडावर शिव्या घालायच्या, सुनेला "अगं, नको जाऊ, मागं उभा हाय तो" म्हणून ओरडून सांगायच्या, शेंगा खायच्या, माहेरची ख्यालीखुशाली विचारायच्या. त्यांना मात्र चांगदेव काही म्हणायचा नाही. कारण विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. दिवाळी होऊन महिना झाला होता. बाजाराचा दिवस, तीनचा खेळ, पिच्चर घरगुती आणि रडका. त्यामुळं बायकांची बाजू पार भरलेली. खेळ सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील, तोच तिकडून लेकरू रडायला लागलं. साधं कुरकुरणं नव्हतं ते. टाहो फोडला होता त्यानं.

पुरुषांच्या बाजूनं लगेच गलका उठला. "ए, गप करा की त्याला!" "दूध पाजा!" "भाईर काढा!" एकानं रडण्याची नक्कल केली, सगळे हसले. चांगदेवनं आधी नक्कल करणाऱ्यावर झोत टाकला, मग तो बायकांच्या बाजूला गेला. शेवटच्या रांगेत, अगदी कोपऱ्यात, हिरव्या लुगड्यातली एक बाई तान्हं लेकरू खांद्यावर थोपटत होती. वय असेल वीस-बावीस.

"बाई, भाईर ये जरा त्याला घेऊन. लोकं कावल्यात."

ती मुकाट्यानं उठली. दारावरचा पडदा सारून बाहेर आली, उजेडात डोळे बारीक केले आणि काही कळायच्या आत लेकरू तिनं चांगदेवच्या हातात दिलं.

"धरा जरा भाऊ. एवढा थोडा वेळच."

आणि पडदा सारून ती आत निघूनही गेली.

चांगदेव तसाच उभा. एका हातात ब्याटरी, दुसऱ्यात चार महिन्यांचं रडणारं पोर. त्याला स्वतःची तीन पोरं होती, थोरलीचं लग्नही झालं होतं. पण वडिलांसमोर आपलं लेकरू उचलायची त्याच्या घरात रीत नव्हती. पोरं चालायला लागल्यावरच त्याच्या वाट्याला आली होती. मान कशी धरायची हेही त्याला ठाऊक नव्हतं.

कॅन्टीनवाला गेणभाऊ काउंटरमागून बघत होता. "आरं, उभं नको धरू. आडवं घे, राव. हां. आता हाल जरा, एका जागी थांबू नको."

चांगदेव व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागला. पोस्टरच्या पेटीपासून तिकिटाच्या खिडकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. थांबला की पोर किंचाळायचं, चालला की नुसते हुंदके द्यायचं. आतून गाणं ऐकू येत होतं. गाणं संपलं की येईल, असं तो धरून चालला. गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं. बाई आली नाही.

मध्यंतर झालं. दारं उघडली, बाया घोळक्यानं बाहेर आल्या. चांगदेव एकेक तोंड न्याहाळत राहिला. पण तोंड त्याला नीट आठवतच नव्हतं. आत ब्याटरीच्या उजेडात आणि बाहेर क्षणभर पाहिलेलं. आठवत होतं ते हिरवं लुगडं, आणि हिरवी लुगडी तर सात-आठ होती. गर्दी ओसरल्यावर तो आत डोकावला. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर पिशवीबिशवी काही नव्हती.

"तिथं एक बाई बसली व्हती, कुठं गेली?" त्यानं पुढच्या रांगेतल्या म्हातारीला विचारलं.

"हिरव्या लुगड्याची? मगाशी मागच्या अंगाला गेली बाबा एक. परत आली का न्हाई, ध्यान न्हाई माझं."

मागच्या अंगाला मुतारी होती आणि मुतारीशेजारी फाटक. फाटक सताड उघडं होतं.

"गेली ती," गेणभाऊ चहा गाळता गाळता म्हणाला. "मागं आळेफाट्याला अस्संच झालं व्हतं म्हणं. जरा धरा म्हणली, नि गेली."

"काहीबी बोलू नको."

"मी कशाला बोलू? तूच बघ की."

घंटा झाली, लोक आत गेले, दिवे मालवले. दोन मिनिटं चांगदेव दारात उभा राहिला, पुन्हा चालायला लागला, पुन्हा थांबला. मग त्यानं ब्याटरी काउंटरवर ठेवली आणि पोराला छातीशी धरून स्टँडकडं निघाला. चालू खेळात त्यानं दार सोडलं, असं इतक्या वर्षांत झालं नव्हतं.

स्टँडवर बाजार करून परतणाऱ्यांची दाटी. चांगदेव बाकांमधून फिरला, उभ्या असलेल्या गाड्यांत चढून बघून आला. पोर पुन्हा टाहो फोडत होतं. भाजीची पाटी घेऊन बसलेल्या एका बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुनाचं लेकरू ह्ये? आई कुठंय त्याची?"

"तिलाच हुडकतोय."

"म्हंजी तुजं न्हाई?" बाई उठून उभी राहिली. दोघं-तिघं वळले. एक फेटेवाला वाट अडवूनच उभा राहिला. "कुठनं आनलंस रं ह्याला?"

टॉकीज, बाई, कोपरा, फाटक, असं काहीबाही चांगदेव बोलत राहिला. अंधारात लोकांना दरडावणारा तो आवाज कुठं गेला, कळेना. शेवटी कंट्रोलरनं खिडकीतून त्याला ओळखलं म्हणून सुटका झाली. "टॉकीजवरचा हाय तो. जाऊ द्या." पण फेटेवाला जाताना म्हणालाच, "पोलिसात दे. उगाच गळ्यात पडंल."

परत येईपर्यंत खेळ संपत आला होता. दारात कुणी नाही म्हणून पाच-सहा फुकटे आत घुसले होते, आणि मॅनेजर बाहेर येऊन थांबला होता. "चांगदेव, दार सोडून कुठं तडफडला होतास?" दारं उघडली तशी चांगदेव मधोमध उभा राहिला आणि बाहेर पडणारी प्रत्येक बाई बघत राहिला. डोळे पुसत, बोलत बाया निघून गेल्या. शेवटची म्हातारी गेली. आत कुणी उरलेलं दिसेना.

पोर आता थकलं होतं. त्याची मूठ चांगदेवच्या शर्टाच्या गुंडीभोवती आवळलेली होती. पोलिसात जायचं तर सांगायचं काय, ह्याची जुळवाजुळव तो करत होता, तेवढ्यात झाडलोट करणारी कोंडाबाई आतून ओरडली.

"चांगदेवभाऊ, हिकडं या बिगीनं! बाई पडलीया!"

शेवटची रांग आणि भिंत ह्यांच्या मधल्या बोळात, शेंगांच्या टरफलांत, ती हिरव्या लुगड्यातली बाई आडवी झाली होती. पिशवी उशाला, गुडघे पोटाशी. कोंडाबाईनं नाकाशी बोट धरलं, मग कपाळाला हात लावला.

"झोपलीया वो ही."

चांगदेवचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ राग असा उसळला की डोकं तडकलं. सगळ्या शिव्या ओठांवर आल्या. तेवढ्यात पोरानं आईचा वास ओळखला की काय, पुन्हा गळा काढला. रिकाम्या टॉकीजमध्ये तो आवाज भिंतीवर आदळत होता. बाईच्या चोळीवर दुधाचे दोन ओले डाग पसरले होते, तरी तिची पापणी हलली नाही.

"उठवू का?" कोंडाबाई म्हणाली.

सहाच्या खेळाचं पब्लिक बाहेर लोखंडी दार बडवत होतं. चांगदेव पोराला हलवत उभा राहिला. "थांब जरा," तो म्हणाला. मग स्वतःवरच वैतागला. थांबून करायचं काय? पण उठव असंही तोंडातून निघेना. अशी पाचेक मिनिटं गेली असतील. बाहेर कुणीतरी लाथ घातली, दार दणाणलं, आणि बाई ताडकन उठून बसली.

"किती वाजलं? पिंपरीची येष्टी गेली का?"

"पोर आठवतंय का तुला तुजं?" चांगदेव कडाडला. "स्टँडवर मला पोरं पळवनारा ठरवत व्हती लोकं! अशी देतात व्हय लेकरं कुनाच्याबी हातात?"

तिनं लेकरू ओढून घेतलं, पदराखाली धरलं. आवाज थांबला. चांगदेवनं तोंड फिरवलं.

"कुनाच्याबी न्हाई दिलं," ती खाली बघत म्हणाली. "सासूचं औषद न्यायला दवाखान्यात आले व्हते. गाडी सव्वासहाला. म्हनलं आत अंधार आसतोय, घटकाभर बसावं. पन ह्यो उठला. तुमी त्या पोरांना पाय खाली घ्या म्हनत व्हता. वाटलं, ह्यो मानूस लेकरू टाकायचा न्हाई."

"आन् घरी झोपत न्हाई का?" कोंडाबाईनं विचारलं.

"मालक मेंढरं घिऊन कोकनात गेल्यात. सासूला वाऱ्याचा झटका आलाय, आंथरुनावर हाय. ती एकदा हाका मारती, ह्यो एकदा रडतो." तिनं पोर दुसऱ्या बाजूला घेतलं. "मी दोन गान्यांपुरतीच आडवी झाले व्हते वो भाऊ."

चांगदेव व्हरांड्यात आला आणि लोखंडी दार आतून धरून उभा राहिला. पब्लिक खवळलं होतं. "सहा वाजून गेलं की! सोड ना आत!" "धा मिनटं थांबा," तो ओरडला, "सफाई चाललीया." मॅनेजर धावत आला, काय सफाई म्हणून विचारायला लागला. चांगदेवनं त्यालाही बायकांच्या बाजूला जाऊ दिलं नाही. शिट्ट्या, हुर्यो, शिव्या, सगळं त्यानं ऐकून घेतलं.

बाई बाहेर आली तेव्हा पोर तिच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं. तिचं नाव लंका, पोराचं सूरज, एवढं कोंडाबाईनं विचारून घेतलं होतं. ती स्टँडच्या दिशेनं जवळजवळ पळतच गेली. येष्टी मिळाली की नाही, हे चांगदेवला कधी कळलं नाही. मॅनेजरनं सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा केला. त्या खेळाला पाय खुर्च्यांवर गेले, बिड्या पेटल्या, आणि त्याचं कशात लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओतूरपासून कोसभरावरच्या त्याच्या वाडीत, बायको चिमाबाई भाकऱ्या थापत होती. चांगदेव चहाची बशी घेऊन नुसता बसून होता.

"आपली पोरं तान्ही व्हती," तो एकदम म्हणाला, "तवा तू झोपायचीस कवा?"

चिमाबाईनं चमकून वर बघितलं. "आज काय ह्ये नवीन?"

"सांग की."

"कुठली झोप. बसल्या बसल्या डोळा लागायचा. एकदा चुलीम्होरं पदर पेटला व्हता, तुमीच पानी वतलं. आठवत न्हाई?"

त्याला आठवेना. कुठली चूल, कुठलं साल, तेव्हा कोणतं पोर तान्हं होतं, काहीच आठवेना. चिमाबाई पुन्हा भाकरीकडं वळली होती; तिच्या पाठीकडं त्याला बघवेना. त्यानं चहा तसाच ठेवला, सायकल बाहेर काढली, आणि टॉकीज उघडायला चार तास बाकी असताना ओतूरच्या वाटेला लागला.