ताईच्या बोटीचा कॉक

बॅटरीचं प्लास्टिकचं झाकण धाकट्याच्या बोटांत बिस्किटासारखं मोडलं, तेव्हा आधी त्याला हसूच आलं. मग त्याने तुकडे निरखले. सगळीकडे बारीक चिरा होत्या आणि वास येत होता त्याच्याच लाडक्या, गंज सोडवायच्या स्प्रेचा. मागच्या आठवड्यात तो झाकणावर उडाला होता. त्याच दिवशी तोच स्प्रे त्याने ताईच्या बोटीत मारला होता.

जन्म गेला ट्रकची इंजिनं खोलण्यात. अडलं की स्प्रे, करकरलं की स्प्रे! लोखंडाने कधी तक्रार केली नाही. ताईच्या ओळखीने धक्क्यावरची कामं मिळू लागली, तरी खोड तीच. तिच्या बोटीच्या तळाशी, इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारा, नळासारखा फिरवायचा प्लास्टिकचा कॉक होता. तो घट्ट झाला, म्हणून ताईने मुद्दाम सिलिकॉन ग्रीसची ट्यूब आणून दिली. "प्लास्टिकला हेच लाव हं."

"तोंडाला लावायचं क्रीम आणलंस का गं?" तो म्हणाला होता. ट्यूब फळीवरच राहिली. तिने नंतर विचारलं, तेव्हा "लावली की," असं त्याने बेधडक ठोकून दिलं.

आत्ता ती बेटावर सामान पोचवून एकटीच परत येत होती. त्याने तिला फोन लावला.

"बोल रे. अरे, कॉकपाशी पाणी झिरपतंय. थांब, बंदच करते."

"हात लावू नकोस!" तो किंचाळला. "मोडेल तो!"

"कसा मोडेल? ट्यूब लावलीस ना तू?"

हो म्हटलं, तर ती कॉक फिरवणार.

"नाही लावली, ताई. खोटं बोललो. स्प्रे मारला, त्याने प्लास्टिक तडकतं. इंजिन बंद कर, हादरे नकोत. लाकडी बूच पायाशी ठेव, कॉक मोडलाच तर भोकात ठोक. आणि वल्हव."

इंजिन थांबल्याचं ऐकू आलं. मग फोनच बंद झाला.

तो धक्क्यावर धावला. तिला आणायला जायचं, तर एकही बोट नव्हती, सगळ्या समुद्रात गेलेल्या. त्याला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. लांबवर ठिपका दिसला, तरी तो हलतोय की नाही तेच कळेना.

शेवटी ताई वल्हवत आली. घोट्याएवढ्या पाण्यात पाय, हातांना फोड. दोघांनी बोट उतारावर ओढून घेतली. त्याने कॉकला नुसतं बोट लावलं आणि तो मुळापासून निखळून हातात आला. भोकातून खालची वाळू दिसली.

ताई ना ओरडली, ना रडली. धापा टाकत तिने एवढंच विचारलं, "आणखी कोणाकोणाच्या बोटीत मारलायस?"

धाकट्याने रिकाम्या धक्क्याकडे पाहिलं. फोन हातातच होता. आधी कोणाला लावावा, हे त्याला सुचेना.